माळाच्या काळ्या माळिणी

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की चाकण-तळेगाव रस्त्यावर किंवा पुणे-नाशिक महामार्गावर कधी ना कधी एक दृश्य दिसतंच. पुढे भलाथोरला कंटेनर, मागे कामगारांची बस, बाजूला मोटारसायकलींची गर्दी आणि या सगळ्यांच्या मधून संथपणे चाललेला काळ्या मेंढ्यांचा कळप. पुढे एक काका, डोईला पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. मागे दोन-चार घोडी. घोड्यांच्या पाठीवर भांडी, अंथरुणं, पालाचं कापड, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि झोळीतून डोकावणारी चार दिवसांची कोकरं. कधी कधी त्या कोकरांच्या शेजारी तुमच्या धाकट्या भावंडाएवढं एखादं मूलही बसलेलं असतं.

मग काय होतं? हॉर्न वाजू लागतात. बसमधलं कुणीतरी वैतागून म्हणतं, "यांना दुसरा रस्ता नाही का?"

प्रश्न चांगला आहे. आज आपण त्याचंच उत्तर शोधू या. कारण हा कळप उगाच भटकत नसतो, बरं का! तुमचे आई-बाबा जसे पहिल्या पाळीला कंपनीत जातात, तसा तोही कामावर निघालेला असतो. त्याचं काम म्हणजे शेताला खत देणं आणि माळरानाची निगा राखणं. पगार नाही, सुट्टी नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम!

दख्खनची लेक

आधी या मेंढीची ओळख करून घेऊ. आपल्या देशात मेंढ्यांच्या चाळीसहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतली आपल्याकडची मुख्य जात म्हणजे 'दख्खनी'. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाचं दख्खनचं पठार हे तिचं माहेर. लोणंद, संगमनेर, सोलापूर, कोल्हापूर अशा भागांनुसार तिच्यात थोडाथोडा फरक दिसतो.

दिसायला ती कशी असते? बहुतेक काळी, कधी काळ्यावर पांढरे ठिपके किंवा पट्टे. नाक थोडं फुगीर बाकदार. नराला शिंगं, मादीला बहुधा नाहीत. पाय काटक. चित्रातल्या पांढऱ्याशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारख्या गुबगुबीत मेंढीशी तुलना केलीत तर तुम्हाला ही अगदीच साधी वाटेल. ती चित्रातली मेंढी बहुधा 'मेरिनो'. तिची लोकर रेशमासारखी मऊ. आपल्या दख्खनीची लोकर जाडीभरडी, टोचणारी.

पण थांबा! मेरिनोला मे महिन्यात शिरूर-पारनेरच्या माळावर आणून सोडलं तर? वर तापलेलं ऊन, खाली तापलेली मुरमाड जमीन, चारा म्हणजे वाळलेलं गवत आणि बाभळीच्या शेंगा, पाणी दोन-तीन कोसांवर. मेरिनो बिचारी दोन दिवसांत बसकण मारील. दख्खनी मात्र रोज कित्येक किलोमीटर चालते, मिळेल ते खाते आणि कोकरालाही वाढवते. या मातीनं, या उन्हानं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेंढपाळांनी मिळून तिला घडवलं आहे.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात 'माडग्याळ' नावाची दुसरी एक मेंढी आहे. ती उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे असलेली. तिची कोकरं लवकर वजन धरतात, म्हणून त्यांना बाजारात भाव चांगला. त्यामुळे कित्येक मेंढपाळ आपल्या कळपात माडग्याळ नर सोडतात. काळ्या कळपांत आता पांढरी-तपकिरी कोकरं का दिसतात, ते कळलं ना?

पावसाशी शिवाशिवी

आता त्या रस्त्याच्या प्रश्नाकडे येऊ. हे लोक एका जागी का राहत नाहीत?

पुणे जिल्ह्याचा नकाशा काढा. पश्चिमेला लोणावळा. तिथे वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मधे पुणे. तिथे ७०० च्या आसपास. पूर्वेला बारामती-इंदापूर. तिथे जेमतेम ५००. म्हणजे एकाच जिल्ह्यात धबधब्यापासून दुष्काळापर्यंत सगळं काही! पिंपरी-चिंचवड आणि चाकण बरोबर या दोन टोकांच्या मधे आहेत.

मेंढीला चिखल सोसत नाही. सतत ओल्यात राहिली तर तिची खुरं सडतात, पोटात जंत होतात. म्हणून पावसाळ्यात मेंढपाळ आपल्या पूर्वेकडच्या कोरड्या गावी असतात. तिथे तेव्हा माळावर कोवळं गवत असतं. दिवाळी झाली, की गवत वाळतं, पाणी आटू लागतं. त्याच वेळी पश्चिमेकडे मावळात आणि घाटाखाली कोकणात भातकापणी होऊन शेतं मोकळी झालेली असतात. मग पारनेर, शिरूर, संगमनेर या भागांतले कळप पश्चिमेकडे निघतात. काही खेड, जुन्नर, मावळात थांबतात, काही घाट उतरून कोकणात जातात. पुढचा पाऊस यायच्या आत सगळे परत फिरतात. पाऊस येतो, हे जातात. पाऊस जातो, हे येतात. वर्षभर पावसाशी शिवाशिवी!

या वाटेवर त्यांचं ओझं वाहतो तो घोडाही साधासुधा नाही. तो 'भीमथडी'. भीमेच्या काठचा म्हणून भीमथडी. कमी उंचीचा, पण दमदार. २०२३ मध्ये ही घोड्यांची स्वतंत्र जात असल्याचं सरकारी मान्यतेनं नोंदलं गेलं. म्हणजे ज्या घोड्याकडे आपण 'तट्टू' म्हणून दुर्लक्ष करतो, तो देशाच्या यादीतला मानाचा घोडा आहे.

रात्रभर चालणारा खताचा कारखाना

संध्याकाळ झाली, की मेंढपाळ एखाद्या शेतात थांबतात. खुंटांना जाळी बांधून गोल कुंपण करतात. या जाळीला 'वाघर' म्हणतात. तिच्या आत रात्रभर मेंढ्या बसतात. सकाळी पाहाल तर जमिनीवर लेंड्यांचा थर! लेंड्यांबरोबर मूत्रही मातीत मुरतं आणि त्यात पिकाला लागणारं नत्र भरपूर असतं. मेंढ्यांच्या खुरांनी हे सगळं मातीत कालवलंही जातं. दुसऱ्या दिवशी जाळी शेजारच्या तुकड्यात. असं करत करत सगळं शेत खतवून होतं.

याला 'शेतात मेंढ्या बसवणं' म्हणतात. शेतकरी त्याच्या बदल्यात पूर्वी धान्य द्यायचे, आता बहुधा पैसेही देतात. खताची गोणी नाही, ट्रॅक्टरचं भाडं नाही, वाहतूक नाही. खत स्वतःच्या पायांनी चालत शेतात येतं! आजीला किंवा आजोबांना विचारून पाहा. चाकण, आळंदी, देहू, मोशी, चिखली या गावांतल्या जुन्या शेतकऱ्यांना मेंढ्या बसवणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही.

माळ्याची कात्री

शेताचं झालं. पण माळरानाला मेंढ्यांचा काय उपयोग? उलट त्या गवत खाऊन माळ ओसाड करतात, असंच आपण ऐकत आलो आहोत, नाही का?

इथे थोडं विज्ञान पाहू. झाडाचा शेंडा खुडला तर त्याची वाढ खुंटते. गवताचं तसं नसतं. गवताचा वाढणारा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. वरचं पातं कापलं तरी खालून नवं पातं फुटतं. म्हणून तर बागेतली हिरवळ कापली, की जास्त दाट होते. मेंढीचे ओठ पातळ आणि चपळ असतात, वरचा ओठ मधे चिरलेला असतो. त्यामुळे ती जमिनीलगतचं बारीक गवतही नेमकं टिपते. गाय जिभेनं वेढा घालून उंच गवत ओढते. शेळीला झुडपांचा पाला आवडतो. म्हणजे तिघींची ताटं वेगळी!

गवत कुणी खाल्लंच नाही तर काय होईल? जुनं वाळलेलं गवत तिथेच उभं राहतं. त्याच्या सावलीत नवे कोंब गुदमरतात. जमिनीवर उन्हं पोचत नाहीत. उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली, की सगळा माळ पेटतो.

मेंढी जाता जाता बीसुद्धा पेरते. आपल्या माळावर 'कुसळी' नावाचं गवत असतं. त्याची कुसळं तुमच्या मोज्यांत कधीतरी घुसली असतीलच. ती मेंढीच्या लोकरीतही घुसतात आणि फुकटात दुसऱ्या माळावर जातात. तिथे गळून पडतात आणि पाऊस आला, की रुजतात.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हिरवळीवर रोज कात्री चालवली तर ती मरते. माळाचंही तसंच. एकाच तुकड्यावर महिनोन्‌महिने भरमसाट मेंढ्या राहिल्या, तर गवताला पानंच उरत नाहीत. पानं नाहीत म्हणजे मुळांना अन्न नाही. मुळं मेली, की पहिल्याच पावसात माती वाहून जाते. म्हणजे चराई चांगली की वाईट, हे तीन गोष्टींवर ठरतं: मेंढ्या किती, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत. खायचं, खत द्यायचं आणि पुढे जायचं. गवताला बी धरायला सवड द्यायची. चालत राहणाऱ्या मेंढपाळाला हे गणित पुस्तकात वाचावं लागत नाही. पण त्याची वाट बंद केली आणि सगळे कळप एकाच माळावर कोंडले, तर तोच माळ उजाड होतो. मग दोष कुणाचा? मेंढीचा, की बंद केलेल्या वाटेचा?

निळं फुलपाखरू आणि भरतपूरचं तळं

ही गोष्ट जगाला कळायला बराच वेळ लागला. इंग्लंडमध्ये 'लार्ज ब्लू' नावाचं सुंदर निळं फुलपाखरू होतं. ते कमी होऊ लागलं, म्हणून लोकांनी त्याच्या जागांना कुंपणं घातली. गुरं बंद, मेंढ्या बंद. तरीही फुलपाखरं कमीच होत गेली आणि १९७९ मध्ये ती त्या देशातून नाहीशी झाली!

असं का झालं? जेरेमी थॉमस नावाच्या शास्त्रज्ञानं याचं उत्तर शोधलं. या फुलपाखराची अळी एका जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात वाढते. मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून घरी नेतात. पण या मुंग्यांना उबदार जमीन लागते. चराई थांबली, गवत वाढलं, जमीन सावलीत जाऊन थंड झाली. मुंग्या गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ फुलपाखरूही गेलं. मग १९८३ पासून स्वीडनमधून अळ्या आणून सोडल्या आणि माळावर पुन्हा गुरं, घोडी, मेंढ्या चरू दिल्या. आज ते निळं फुलपाखरू तिथे पुन्हा उडतं आहे.

आपल्याकडेही असंच घडलं. राजस्थानात भरतपूरला पक्ष्यांचं प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान आहे. पक्ष्यांना त्रास नको म्हणून १९८२ मध्ये तिथे गुरं चारायला बंदी झाली. आता पक्षी वाढतील असं सगळ्यांना वाटलं. पण म्हशी खायच्या ते पाण्यातलं गवत माजलं आणि तळ्याचा मोकळा पृष्ठभागच झाकून गेला. बदकांना पोहायला जागा उरेना! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं अभ्यास केला. त्यातून दिसलं, की त्या तळ्याला म्हशींची गरज होती.

जनावरांकडून नेमकी आणि मोजकी चराई करवून निसर्ग राखण्याच्या या पद्धतीवर आता जगभर पुस्तकं निघतात, अभ्यासक्रम चालतात. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२६ हे साल 'चराऊ कुरणं आणि पशुपालक' यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. आपल्या रस्त्यावरून जाणारे पागोटेवाले काका हे काम कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय करत आले आहेत.

माळावर राहतं तरी कोण?

"सर, माळावर काहीच नसतं. नुसतं गवत!" वर्गात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. तर मग यादीच पाहू.

चंडोल जमिनीवर घरटं करतो आणि गात गात आकाशात चढतो. धाविक तुरुतुरु पळतो. पखुर्डी मातीच्या रंगात अशी मिसळते, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. हिवाळ्यात दूरच्या देशांतून भोवत्या ससाणे येतात आणि गवतावरून तरंगत नाकतोडे शोधतात. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये ते झालं. क्षेत्रफळ अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा हरणं राहतात. त्यांनाही मोकळा माळच हवा असतो, दाट जंगल नको.

आणि लांडगा! हो, गोष्टीतला तोच लांडगा. आपल्या जिल्ह्यात तो आजही आहे. २०२२ च्या गणनेनुसार देशात ३,६८२ वाघ आहेत. लांडगे मात्र सुमारे तीन हजारच असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वाघापेक्षाही कमी! या लांडग्यांना रानात पुरेशी शिकार उरलेली नाही. त्यामुळे ते पुष्कळदा मेंढ्यांवर जगतात. मेंढपाळाचं नुकसान होतं, रात्रीची झोप जाते, तरी कित्येक मेंढपाळ म्हणतात, "त्याचाही वाटा असतोच." पुढच्या वेळी 'लांडगा आला रे' ही गोष्ट वाचाल तेव्हा हे वाक्य आठवा.

'पडीक' म्हणजे काय?

आता थोडी अवघड गोष्ट. घरातल्या मोठ्यांनाही हा भाग वाचायला द्या.

माळाला आपण 'पडीक' म्हणतो. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती वाया गेलेली, असा हिशेब होता. तो शब्द सरकारी कागदांत राहिला तो राहिलाच. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ, झुडपाळ जमिनी मोडतात.

पण हे माळ खरंच जंगल तोडून झालेले ओसाड तुकडे आहेत का? पुण्याच्या आयसर संस्थेतले दिग्विजय पाटील आणि अमेरिकेत संशोधन करणारे आशिष नेर्लेकर यांनी याचा शोध घेतला. त्यांनी जुन्या मराठी कथा, चरित्रं आणि लोकगीतं धुंडाळली. त्यांत कुठल्या रानझाडांची नावं येतात, ते पाहिलं. तेराव्या शतकापासूनच्या या मजकुरात बहुतेक झाडं निघाली ती उघड्या माळावर वाढणारी, काटेरी, बाभळीसारखी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसतं, की हे माळ निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होते. आपल्या आजीच्या ओव्या अशा पुराव्याच्या कामाला येतात!

मग आपण काय करतो? 'पडीक' जागा दिसली, की तिथे काहीतरी उभारतो. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला. त्यानंतर एकेक कारखाना येत गेला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. या कारखान्यांनी हजारो घरांच्या चुली पेटवल्या. तुमच्या-आमच्या घरचीसुद्धा. म्हणून कारखान्यांना नावं ठेवून चालणार नाही. पण कारखान्याला जशी जागा आणि रस्ता लागतो, तसा तो मेंढ्यांनाही लागतो. ज्या माळावरून कळप जात होते, तिथे भिंती उभ्या राहिल्या. कळप कुठे जाणार? महामार्गावर! तिथे भरधाव गाडी कळपात घुसली, की एका क्षणात डझनावारी मेंढ्या जातात. म्हणजे एका घराची सगळी पुंजी जाते.

गावांची गायरानं म्हणजे गावाच्या सामाईक वापराची चराऊ जमीन. तीही आकसत गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा आणि त्या गावाला परत द्या. तुमच्या गावात गायरान आहे का, असेल तर किती आणि त्यावर आता काय आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क तुमच्या पालकांना आहे.

आणखी एक. आपण शाळेतून वृक्षारोपण करतो. फार चांगलं काम. पण गवताच्या टेकडीवर खड्डे खणून मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्प दाटीवाटीनं लावलं तर? चंडोलाचं घरटं गेलं, चिंकाऱ्याचं मैदान गेलं, मेंढीचं कुरण गेलं. झाड लावण्याआधी जागेला विचारावं, "बाई गं, तुला झाड हवंय का?" रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात, सोसायटीत लावा. माळाला मात्र माळ राहू द्या.

घोंगडीची गोष्ट

मेंढी वाचवायची तर मेंढपाळाचं घर चाललं पाहिजे. आज त्याची मुख्य कमाई कोकरं विकून होते. चाकणच्या शनिवारच्या बाजारात किंवा लोणंदच्या बाजारात त्यांची खरेदी-विक्री चालते. एके काळी लोकरीलाही मान होता. वर्षातून दोनदा कातरणी व्हायची. धनगरांच्या बायका सूत काढायच्या आणि सनगर कारागीर खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणायचे. तिला चिंचोक्याची खळ द्यायचे. लोकर मुळातच काळी, त्यामुळे रंगवायची गरज नाही. थंडीत ऊब, उन्हात सावली आणि पावसात डोक्यावर खोळ. मावळातल्या पावसात भातलावणी करणाऱ्यांचा तोच रेनकोट होता.

पुढे स्वस्त चादरी आणि प्लॅस्टिकचे रेनकोट आले. आता कित्येकदा लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. लोकरीला भाव नाही म्हणून काळी मेंढी ठेवण्यात फायदा नाही, असं मेंढपाळांना वाटू लागलं आहे. एखादी जात अशीच हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता संपते.

पण काही माणसं कामाला लागली आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेलं राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यातच आहे. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकरांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. दख्खनी मेंढीला सहसा एका वेळी एकच कोकरू होतं. बंगालमधल्या सुंदरबनात 'गरोळ' नावाची छोटीशी मेंढी आहे. तिला मात्र जुळी, तिळी होतात, कारण तिच्या अंगात तसं एक जनुक असतं. फलटणच्या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं खपून ते जनुक दख्खनीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. कळप न वाढवता कोकरं जास्त. म्हणजे माळावरचा भार तेवढाच, पण मेंढपाळाच्या हातात दोन पैसे अधिक. पुण्यातल्या 'अंतरा' या संस्थेनं मेंढपाळ कुटुंबांबरोबर जनावरांच्या औषधोपचाराचं आणि दख्खनी मेंढी टिकवण्याचं काम केलं. ही संस्था महिला पशुवैद्यांनी उभी केली, हे मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावं.

आणि आपल्या तुकाराम महाराजांची पालखी! देहू सोडल्यावर तिचा पहिला मुक्काम आपल्या आकुर्डीत असतो. तीच पालखी पुढे बारामतीजवळ काटेवाडीला पोचते. तिथे धनगर बांधव आपल्या मेंढ्या घेऊन येतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं गोल रिंगण होतं. माउलींच्या वारीतलं घोड्यांचं रिंगण सगळ्यांना माहीत असतं. हे मेंढ्यांचं रिंगण घरच्यांना विचारून एकदा तरी पाहा.

तुम्ही काय कराल?

एक. कुसळाचा प्रयोग करा. दिवाळीनंतर माळावरून मोठ्यांच्या सोबतीनं एक वाळलेलं कुसळ आणा. टोक अणकुचीदार असतं, जपून धरा. त्याच्या पीळदार शेपटीवर पाण्याचा थेंब टाका आणि पाहत राहा. पीळ उलगडू लागेल, कुसळ आपोआप फिरेल. याच युक्तीनं ते पावसात जमिनीत शिरतं.

दोन. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट करा. मेंढ्या चरतात त्या जागी एकदा आणि वर्षानुवर्षं कुंपणात बंद असलेल्या मोकळ्या जागी एकदा, अशी ती मांडा. प्रत्येक ठिकाणी किती प्रकारची रोपं दिसतात, ते मोजा. आकडे वहीत लिहा. पावसाळा संपताना पुन्हा मोजा. उत्तर पुस्तकात शोधू नका, तुमच्या वहीतच मिळेल.

तीन. शाळेत दिवाळीनंतर एखादा बाक रिकामा होतो. त्यावरचा मित्र मेंढ्यांबरोबर कोकणात गेलेला असतो. आणि कधी मधेच एखादी नवी मुलगी वर्गात येऊन बसते, जिच्या घरच्यांचं बिऱ्हाड गावाच्या शिवारात उतरलेलं असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिला वर्षाच्या मधेसुद्धा, दाखला हातात नसला तरी, शाळेत प्रवेश मिळायलाच हवा. तिला जवळ बसवून घ्या. तिला गणित शिकवा आणि तिच्याकडून माळ शिका. आभाळाकडे बघून पाऊस ओळखणं, दोनशे मेंढ्यांतून आपली मेंढी हुडकणं, कोकराला त्याची आई शोधून देणं. यातलं आपल्याला काय येतं, सांगा बरं!

आणि चार. पुढच्या वेळी बस थांबली आणि समोर काळा कळप दिसला, तर चालककाकांना सांगा, "काका, हॉर्न नका वाजवू, कोकरं बिचकतात." दोन मिनिटं लागतील. तेवढ्यात खिडकीतून नीट पाहा. काळ्या किती, पांढऱ्या किती, झोळीत कोकरं किती.

बसमध्ये कुणी विचारलंच, "यांना दुसरा रस्ता नाही का?" तर आता उत्तर तुम्हाला येतं. सांगा, "होता. त्यावर आपण राहतो."